पश्चिमेकडच्या फांद्या

गडचिरोलीकडच्या एका सरकारी रोपवाटिकेत माझी नोकरी आहे. पावसाळा जवळ आला की रोपं न्यायला लोक येतात आणि दारात सावलीसाठी काय लावू, असं हमखास विचारतात. सांडपाण्याची सोय असेल तर जांभूळ लावा, हे माझं ठरलेलं उत्तर. मग मी पुढचं सांगतो. भिंतीपासून चांगलं लांब लावा, मुळं पसरतात. खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या, पाऊस लागला की शेणखत आणि माती भरून रोप लावा. एका बीतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात, त्यातला जोमदार ठेवा, बाकीचे काढून टाका. पहिली काही वर्षं ते वाढतच नाही असं वाटेल, तेव्हा ते खाली मुळं धरत असतं. त्या उन्हाळ्यांत पाणी चुकवू नका, बुडाशी धानाचं तणस पसरा, शेळ्यांपासून जपा. एकदा धरलं की दाट, काळपट हिरवी, बाराही महिन्यांची सावली. आणि भर उन्हाळ्यात फांद्या छाटू नका. आतली साल सावलीत वाढलेली असते, कोवळी असते. तिच्यावर एकदम ऊन पडलं की ती भाजते, तडकते आणि तिथून कीड शिरते.

हे शेवटचं बोलणं गेल्या वर्षापासून माझ्या तोंडून नीट निघत नाही. समोरचा माणूस रोप घेऊन निघून जातो, त्याला काही कळत नाही. मला कळतं.

माझं गाव वैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात. मोठा भाऊ वारल्यापासून तिथल्या घरात वहिनी एकट्याच राहतात. त्यांची मुलगी लग्न होऊन गेली. घरावर टिनाचं छप्पर आहे, चैत्र लागला की सकाळचे दहा वाजल्यानंतर आत बसवत नाही. वहिनी शिवणकाम करतात आणि त्यांचा धंदा मुख्यतः लग्नसराईचा, म्हणजे नेमका उन्हाळ्याचा. नवरीचे ब्लाउज, वरमाईचे ब्लाउज, साड्यांना फॉल. रेशमी कापडावर घामाचा थेंब पडला की डाग राहतो, म्हणून मशीन अंगणातल्या जांभळाखाली.

ते रोप मीच त्यांना आणून दिलं होतं, भाऊ होता तेव्हा. आणून देण्यापलीकडे माझं त्यात काही नाही. न्हाणीच्या पाण्याला नाली काढून ते झाडाच्या बुडाशी नेलं वहिनींनी. भांडी तिथंच घासली, म्हणजे तेही पाणी वाया जाऊ नये. शेळी आत शिरली म्हणून शेजारणीशी कडाक्याचं भांडण केलं आणि पुढं तीच शेजारीण दुपारभर त्या सावलीत बसून त्यांना हुक लावू लागायची. जांभळं पिकून पडू लागली की मशीन आत जायचं, कारण जांभळाचा डाग घामाच्या डागाहून वाईट. पण तोवर पाऊस येऊन टिन निवलेलं असायचं. झाडाचं आणि वहिनींच्या धंद्याचं असं जमून गेलं होतं.

गेल्या वर्षी वैशाखात माझ्या मुलीचं लग्न होतं. ते गावीच करायचं मी ठरवलं. सोयरे वरोऱ्याचे. बोलणी करताना व्याही म्हणाले, “तुमच्याकडे उन लई राहते मनतेत. कूलर-बिलर पाहून ठेवा बापा, आमच्या बाया नाजूक हायेत.” सगळे हसले. मी ताठ बसून म्हणालो, “आमी कापडाचा मांडव टाकत नसतो. जांभळाचा हिरवा मांडव टाकीन. कूलरची गरज पडली त नाव सांगनार नाई.” बायकोनं माझ्याकडे पाहिलं. असा मांडव आमच्या घरी कित्येक वर्षांत पडला नव्हता.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे आणतात. घरचे जावई, त्यांना सवासे म्हणतात, बैलबंडी घेऊन जातात, झाडाची पूजा होते आणि डहाळ्या तोडून वाजतगाजत आणतात. हळद-कुंकू घेऊन कुणी डहाळे मागायला दारात आलं तर नाही म्हणायचं नसतं, लग्न अडवल्यासारखं होतं. हल्ली लोक रीतीपुरत्या डहाळ्या आणतात आणि वर डेकोरेशनवाल्याचं कापड असतं. मला बंडी भरून हव्या होत्या.

जंगलातून आणायची माझी हिंमत नव्हती. झाडं जगवायचा पगार घेणारा माणूस हिरव्या फांद्यांच्या बंडीसकट नाक्यावर सापडला, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. गावातल्या माझ्या वेगळ्या घराच्या दारात आंबा आहे, पण तो कैऱ्यांनी लगडलेला होता आणि व्याह्यांना लोणच्याच्या कैऱ्या पाठवायचं आम्ही कबूल केलं होतं. उरलं वहिनींचं जांभूळ. असं एकामागून एक सांगितलं की परिस्थितीनंच मला तिथं नेल्यासारखं वाटतं. तसं नव्हतं. मांडव लहान करता आला असता. कापड लावता आलं असतं. मी बोलून बसलो होतो, एवढंच.

मी वहिनींकडे गेलो तेव्हा त्या झाडाखाली मशीनवर होत्या. माझ्याच मुलीचा ब्लाउज शिवत होत्या. मी हळद-कुंकवाची ताटली त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली.

“अगाऽ, एवढ्या रीतीनं आले भाऊजी!”

“वयनी, मांडवाले डहाळे पायजे होते.”

“मंग न्या ना. पोरगी का माझी नोहे?” मशीन चालूच होतं.

“थोडे जास्त लागतीन.”

पायडल थांबलं. त्यांनी वर झाडाकडे पाहिलं. “किती जास्त?”

“मांडव झाकन्यापुरते.”

“तुमीच त सांगत होते, उनाळ्यात झाडाले हात लावू नोका मनून.”

“एका डावानं का होते वयनी? मोठं झाड हाय.”

त्यांनी दाताखाली दोरा तोडला. मग हसून म्हणाल्या, “नाई त म्हनता येत नाई मले. ताटली घेऊन आले तुमी, लई हुशार हा.” आणि थोडं थांबून, “बस एक करा. ही मावळतीची बाजू सोडून द्या. दुपारून उन तिकूनच येते. अजून पुरा जेठ बाकी हाय, कपडा पाहा किती पडून हाय माझ्याजवळ.”

“अवो, हे का सांगा लागते मले?” मी म्हणालो.

त्यांनी हुशार म्हटलं ते थट्टेत म्हटलं असेल, पण खरं तेच होतं. सख्ख्या वहिनीकडे हळद-कुंकू घेऊन जायचं काही कारण नव्हतं. घरातला माणूस म्हणून नुसतं विचारलं असतं तर त्या ‘थोडं कमी घ्या’ म्हणू शकल्या असत्या. रीतीनं मागितल्यावर त्यांना ते म्हणता येणार नव्हतं. घरून निघताना ताटली हातात घेतली तेव्हाच हे मला माहीत होतं. फांद्यांपेक्षा ती ताटली मला जास्त टोचते.

दुसऱ्या दिवशी बंडी आली, बाया आल्या, वाजंत्री आली. झाडाची पूजा सवाष्णीनं करायची असते. माझ्या बायकोनं केली. जिनं त्या झाडाला रोज पाणी घातलं होतं ती बाई, कुणी काही म्हणायच्या आधीच, पदर सावरून मागं भांड्यांच्या दगडाशी जाऊन उभी राहिली. तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही. मी बंडी कुठं लावायची ते पाहत होतो.

माझ्या बहिणीचा जावई झाडावर चढला. अंगानं दणकट माणूस. खालून बाया लागल्या त्याच्या मागे.

“जावईबापू, जपून! झाड वयनीचं हाय, सासऱ्याचं नोहे!”

“अवो, माकडं पयाले ना गावातले! मनतेत, आता आमचं काम नाई राह्यलं!”

“मले शिव्या द्या, पन खाली च्या तयार ठेवा,” तो वरून ओरडला आणि कुऱ्हाड चालवू लागला.

जांभळाचं लाकूड ओलं असताना काचेसारखं मोडतं. फांदी तोडायची तर आधी खालून खाच द्यावी लागते, मग वरून घाव, नाहीतर फांदी पडताना बुंध्याची साल ओरबाडून नेते. हे मी रोपवाटिकेतल्या मजुरांना दर वर्षी करून दाखवतो. पहिली फांदी कडाडून पडली आणि तिच्याबरोबर सालीची लांब पट्टी सोलून आली, आतलं पांढरं ओलं लाकूड दिसलं. मी तोंड उघडलं होतं. पण बाया हसत होत्या, वाजंत्री जोरात होती, आणि आता त्याला थांबवून शिकवायला लागलो तर वेळ जाईल असं मला वाटलं. मी तोंड मिटलं.

उगवतीची बाजू संपली तेव्हा बंडी अर्धीच भरली होती. जावई फांदीवर बसल्या बसल्या वळला. “मामाजी, इकडच्या लई भरगच्च हायेत. घेऊ का?”

तो मावळतीकडे बोट दाखवत होता. मी मागं वळून पाहिलं. वहिनी सवाशांसाठी चहा करायला आत गेल्या होत्या.

“घे,” मी म्हणालो. “मोठ्या नोको, बारक्याच घे.”

मोठ्या नको, हे मी झाडासाठी म्हटलं नव्हतं. पुढं कधी कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून म्हटलं होतं. बारक्या संपल्यावर त्यानं एक मोठी घेतली, मग दुसरी, आणि मी बंडीच्या दोऱ्या आवळत राहिलो.

वहिनी चहाचं ताट घेऊन बाहेर आल्या तेव्हा अंगणात ऊन पडलं होतं. जिथं कधी पडत नव्हतं तिथं, मशीनच्या झाकणावर. त्या उंबऱ्यावर थांबल्या. मग त्यांनी प्रत्येकाला कप दिला, जावयाला आधी, मला शेवटी.

“साखर बरोबर हाय का पाहा भाऊजी,” त्या म्हणाल्या.

मांडव खरंच थंडगार झाला. जांभळाचं पान तोडल्यावरही लवकर सुकत नाही, म्हणून तर ते मांडवाला वापरतात. भर दुपारी लग्न लागलं, पानांचा तो उग्र, ताजा वास सगळीकडे होता आणि वरोऱ्याच्या बाया पंखेसुद्धा मागत नव्हत्या. व्याही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मानलं बापा तुमाले.” मुलीला ब्लाउज इतका नीट बसला होता की तिच्या सासूनं कुणी शिवला म्हणून विचारलं. मी वहिनींकडे बोट दाखवलं. त्या बायांच्या पंगतीत कडेला बसल्या होत्या. मला त्या वेळी स्वतःचा अभिमान वाटत होता.

जेठात मी गावी गेलो. वहिनींचं मशीन सकाळी बुंध्याच्या एका बाजूला असायचं, उन्हाबरोबर सरकवत सरकवत त्या भिंतीशी नेत, आणि मग आत. आत त्या मनगटाखाली ओला टॉवेल घेऊन शिवत होत्या. तरी एका नवरीच्या ब्लाउजला डाग पडलाच. त्या घरच्या बायांनी पुढचं सगळं काम तालुक्याच्या टेलरकडे नेलं, आणि त्यांचं पाहून आणखी कुणी कुणी. वहिनींनी हे मला सांगितलं नाही. हुक लावणाऱ्या शेजारणीनं सांगितलं, तेही माझ्याकडे न पाहता.

मी बाजारातून हिरवी जाळी आणली आणि झाडापासून भिंतीपर्यंत ताणून बांधली. जाळीनं ऊन कमी होतं, झळा थांबत नाहीत. झाडाची सावली थंड असते ती पानांतून पाणी उडत राहतं म्हणून. जाळीला काय उडवता येणार? वहिनी एक दिवस तिच्याखाली बसल्या. संध्याकाळी सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, “भाऊजी, आता मलेही रोज पानी टाकत जा. तुमच्या जाळीखाली मी रोपटंच होऊन राह्यली.” बाया खो-खो हसल्या. मीही हसलो.

झाडाच्या उघड्या पडलेल्या फांद्यांना मी चुना फासला. सोललेल्या जागी मोरचूद आणि चुन्याचा लेप लावला. उशीर झालेला होता. मावळतीकडच्या थोराड फांदीची साल उभी तडकली होती आणि फटीतून भुसा गळत होता, म्हणजे आत अळी शिरली होती. पावसाळ्यात उगवतीकडे फुटव्यांचे झुपके आले, कोवळे, तांबूस. मावळतीची फांदी फुटली नाही. हिवाळ्यात ती मी स्वतः करवतीनं काढली, आधी खालून खाच देऊन, अगदी पद्धतशीर. मेलेल्या फांदीला पद्धतशीरपणाचा काय उपयोग, हे करवत चालवताना मला दिसत होतं. पण खाली वहिनी उभ्या होत्या आणि मला काहीतरी नीट करून दाखवायचं होतं.

गावात मला कुणी बोल लावला नाही. “लग्नाले गेलं झाड, चांगल्या कामाले गेलं,” असं म्हणाले. मीही मान हलवली.

यंदा चैत्रात सुट्टी काढून गेलो होतो. वहिनी उगवतीच्या फुटव्यांखाली, जेवढी सावली होती तेवढ्यात मशीन बसवून होत्या. मी शेजारी बाजेवर. सकाळची वेळ. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला एक माणूस हळद-कुंकवाची ताटली घेऊन फाटकातून आत आला. मुलाचं लग्न होतं. त्याच्या दारात जांभूळ नव्हतं.

“बाई, मांडवाले डहाळे मागाले आलो.”

वहिनी उठू लागल्या. मी त्यांच्या आधी उठलो.

“नाई जमनार,” मी म्हणालो. “झाड बिमार हाय. दुसरीकडं पाहा.”

तो ताटली हातात धरून तसाच उभा राहिला. मी म्हटलं ते त्याला एकदम समजलंच नाही. मग म्हणाला, “साहेब, मी बाईले मागून राह्यलो.”

“झाडाची हालत पाहून राह्यले ना तुमी? मागाची गोष्ट हाय का ही?” माझा आवाज चढला. मला वाटत होतं, आता तरी मी योग्य बाजूला उभा आहे.

“भाऊजी, गप राहा,” वहिनी म्हणाल्या.

हळूच म्हणाल्या, पण त्या आवाजात त्यांनी मला कधी काही म्हटलं नव्हतं. “माझ्या दारातून मांडवाचा मानूस रिकामा नाई जानार. तुमाले म्या नाई म्हटलं होतं का?”

त्यांनी आतून विळा आणला, स्टुलावर चढल्या, झुपक्यातला एक फुटवा दोन बोटांत धरला आणि एका झटक्यात कापला. साल कुठं ओरबाडली नाही. खाली उतरून त्यांनी तो त्या माणसाच्या ताटलीत आडवा ठेवला.

“दादा, एवढ्यात होईन ना?”

“होते ना बाई. रीतीले एकच लागते.” त्यानं डहाळी कपाळाला लावली, माझ्याकडे न पाहता फाटक लावून गेला.

मी उभाच होतो. कुठं बसावं ते कळेना.

“वयनी, म्या तुमच्यासाठीच…”

“माझ्यासाठी नाई, भाऊजी,” त्या विळा पुसत म्हणाल्या. रागानं नाही, काम सांगावं तशा. “तुमाले बरं वाटावं मनून म्हटलं तुमी. मागच्या सालचं माझ्याच दारात फेडाले निंगाले. मी कोनाले काय द्याचं, हे तरी माझ्याजवळ राहू द्या.”

गेल्या वर्षी ‘हो’ त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, या वर्षी ‘नाही’ त्यांच्या वतीनं मीच बोललो होतो. दोन्ही वेळा त्यांना काय हवं ते विचारलं नव्हतं.

ऊन वर आलं होतं. फुटव्यांची सावली बुंध्याकडे सरकली आणि मशीनच्या चाकावर उजेड चमकू लागला. वहिनींनी कापड गोळा केलं.

“धरा तिकून,” त्या म्हणाल्या.

मी लोखंडी स्टँड एका बाजूनं उचललं, त्यांनी दुसरीकडून, आणि आम्ही ते टिनाखाली नेऊन दाराशी ठेवलं. त्यांनी टॉवेल ओला करून पिळला, मनगटाखाली घेतला आणि सुईत दोरा ओवू लागल्या. छप्पर तापायला लागलं होतं, टिनाचा टकटक आवाज येत होता. मी तसाच दारात उभा होतो.

“भाऊजी,” त्या वर न पाहता म्हणाल्या, “उजेडातून बाजूले व्हा. सुई दिसत नाई.”